मॅनिफोल्ड तांबडा का झाला?

जामखेडहून बीडकडे निघाले की बालाघाटाच्या रांगेतला सौताड्याचा घाट लागतो. पावसाळ्यात तिथला धबधबा पाहायला तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी हा घाट चढून आम्ही वर आलो. गाडीतून जळकट वास येत होता, म्हणून थांबून बॉनेट उघडले. दिवस मावळला होता. इंजिनाच्या एका बाजूला, त्या काळोखात, एक जाड नळ मंद तांबूस दिसत होता.

आमची ही मोटार वडिलांनी घेतलेली, चाळीस वर्षांची. ती पेट्रोलवर चालते. तिला कार्बोरेटर आहे, संगणक नाही. त्यामुळे बिघाड झाला तर तो कोणत्याही पडद्यावर लिहून येत नाही. तो इंजिनाचा आवाज, वास आणि रंग यांवरूनच ओळखावा लागतो.

तांबडा झालेला नळ म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. चार सिलिंडरांत जळलेला वायू चार फाट्यांतून गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडायचे काम तो करतो. तो ओतीव लोखंडाचा असतो. तो गरम होणारच, हे उघड आहे. प्रश्न एवढाच, की किती गरम झाला तर काळजी करावी आणि काळजी करायची झाली तर दोष कोठे शोधावा?

प्रश्न केवळ गाडीचा नव्हता. मागच्या सीटवर बसणाऱ्या माझ्या वडिलांचे डोके अलीकडे प्रत्येक प्रवासात दुखू लागले होते. थंडीमुळे काचा बंद असत. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल का, हा विचार त्या अंधारात माझ्या मनात प्रथम आला.

रंग काय सांगतो?

लोहार भट्टीतल्या लोखंडाचा रंग पाहून घाव कधी घालायचा ते ठरवतो. त्याच्याजवळ तापमापक नसतो. रंग हाच त्याचा तापमापक. सन १८४७ मध्ये जॉन ड्रेपर या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की निरनिराळे घन पदार्थ तापवले तरी ते अंधारात मंद तांबडे दिसू लागतात ते जवळजवळ एकाच तापमानाला, म्हणजे सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला. तापमान आणखी वाढले की हा रंग उजळत जातो. साधारण ७५० अंशांच्या आसपास तो चांगला लालभडक होतो आणि ९०० अंशांच्या पुढे नारिंगीकडे झुकतो.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. अंधारात दिसणारी मंद लाली भर दुपारी मुळीच दिसत नाही. म्हणून ‘काल रात्री लाल होता, आज दुपारी काळा आहे, म्हणजे दोष गेला’ असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. निरीक्षण करताना परिस्थिती सारखी ठेवावी लागते.

दुसरे असे, की घाट चढताना इंजिन जवळजवळ पूर्ण ताकदीने चालते. त्या वेळी बाहेर पडणारा वायू ७०० ते ८०० अंशांपर्यंत तापू शकतो. लांब चढ संपल्यावर अंधारात मॅनिफोल्ड किंचित तांबूस दिसला, तर तेवढ्यावरून त्याला आजारी म्हणता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी उलट दिशेला, आष्टीच्या पुढे नगर रस्त्यावर नेली. (जिल्ह्याचे नाव सन २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तरी आम्ही या रस्त्याला अजून नगर रस्ताच म्हणतो.) हा रस्ता त्या मानाने सपाट. गाडीत ओझे नव्हते, वेगही बेताचा होता. रात्री थांबून पाहिले, तर मॅनिफोल्ड तसाच तांबडा! आता मात्र शंका राहिली नाही. सपाटीवर असे होता कामा नये.

एवढ्या उष्णतेने बिघडते काय?

तापलेली वस्तू जी उष्णता प्रारणाने बाहेर टाकते, ती तिच्या केल्व्हिनमधील तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, हा स्टीफन आणि बोल्ट्झमन यांचा नियम तुम्ही पुढे शिकाल. मॅनिफोल्ड ४०० अंश सेल्सिअसला असेल तर ते झाले ६७३ केल्व्हिन; ६०० अंशांना असेल तर ८७३ केल्व्हिन. यांचे गुणोत्तर सुमारे १.३ आहे. पण १.३ चा चौथा घात काढून पाहा, तो जवळजवळ २.८ येतो! म्हणजे तापमान दीडपट झाल्यासारखे वाटले, तरी शेजारच्या वायरी, रबरी नळ्या आणि कार्बोरेटर यांच्यावर पडणारा उष्णतेचा मारा जवळजवळ तिप्पट होतो. पेट्रोलची वाफ नळीतच होऊ लागते आणि गाडी आचके देत बंद पडते. अशी गाडी वाळलेल्या गवतावर उभी केली, तर गवत पेटण्याचाही धोका असतो.

दुसरा परिणाम प्रसरणाचा. अर्धा मीटर लांबीचा ओतीव लोखंडाचा नळ ५०० अंशांनी तापला, तर तो सुमारे पावणेतीन मिलिमीटर लांबतो. इंजिनाचे हेड मात्र पाण्याने थंड ठेवलेले असते, ते एवढे लांबत नाही. दोघांच्या मध्ये बसवलेल्या पॅकिंगची, म्हणजे गॅस्केटची, प्रत्येक फेरीत ओढाताण होते. शेवटी ते फाटते आणि तेथून जळका वायू बाहेर पडू लागतो. या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. त्याच्या विषबाधेचे पहिले लक्षण पुष्कळदा डोकेदुखी हेच असते. तेव्हा पहिला निर्णय आम्ही तिथेच घेतला. दोष सापडेपर्यंत वडिलांना या गाडीत बसवायचे नाही आणि गाडी चालवायची ती काचा उघड्या ठेवूनच.

उष्णता नळात येते तरी कशी?

पेट्रोल जळून जी ऊर्जा मिळते, तिचा जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो. साधारण एक तृतीयांश भाग जळक्या वायूबरोबर बाहेर जातो आणि उरलेला पाणी, तेल व इंजिनाच्या अंगातून निघून जातो. मग वायूबरोबर जाणारा हा भाग वाढतो केव्हा?

सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना बोट धरून पाहा. हवा गार लागते. दाबातला वायू प्रसरण पावताना काम करतो आणि त्या कामाची किंमत आपल्या उष्णतेतून चुकती करतो. इंजिनातही हेच घडते. ज्वलन झाल्यावर तप्त वायू दट्ट्याला खाली ढकलतो आणि ढकलता ढकलता निवतो. दट्ट्या वर असतानाच ज्वलन आटोपले, तर वायूला प्रसरणासाठी पूर्ण वाव मिळतो. ज्वलन रेंगाळले, तर दट्ट्या अर्ध्या वाटेवर गेल्यावरही आग चालूच राहते. मग वायूला निवायला वावच उरत नाही, तो तसाच तापलेला नळात शिरतो.

बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. समजा, २४०० केल्व्हिनचा वायू सातपट प्रसरण पावला. उष्णता बाहेर न जाता होणाऱ्या प्रसरणाच्या नियमाने (घातांक ०.३ धरून) त्याचे तापमान सुमारे १३४० केल्व्हिन होते. तोच वायू केवळ साडेतीनपट प्रसरण पावला, तर ते सुमारे १६५० केल्व्हिन राहते. प्रत्यक्ष इंजिनातले आकडे इतके सोपे नसतात, पण तीनशे अंशांचा हा फरक दिशा नेमकी दाखवतो.

म्हणजे तांबडा मॅनिफोल्ड हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. जी आग सिलिंडरात कामाला लागायची, ती उशिरापर्यंत रेंगाळत नळापर्यंत येते आहे, एवढेच तो सांगतो. तो बदलून नवा बसवला, तर नवाही तसाच तांबडा होईल.

चार संशयित

असे होण्याची मुख्य कारणे चार. पहिले, मिश्रणात पेट्रोल कमी पडणे. अशा मिश्रणात ज्वाला हळू पसरते. दुसरे, सायलेन्सर तुंबणे, म्हणजे तप्त वायूला वाट न मिळणे. तिसरे, मॅनिफोल्डला गळती असणे. नळात अर्धवट जळलेला वायू असेल आणि फटीतून बाहेरची हवा आत शिरली, तर तो नळातच पेटतो. (१९६० च्या दशकात अमेरिकेत प्रदूषण कमी करण्यासाठी पंपाने मुद्दाम अशी हवा नळात सोडत असत!) चौथे, ठिणगी उशिरा पडणे. याशिवाय एखादी एक्झॉस्ट झडप जळाली असेल, तर त्या एका सिलिंडराची आग नळात येते.

आमच्या मिस्त्रींनी गाडी पाहून लगेच निदान केले, “सर, हे त्या इथेनॉलच्या पेट्रोलमुळं. आणि झडपाही गेल्या असतील. हेड खोलावं लागेल.”

त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. २०२५ पासून आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो, म्हणून त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते. एक किलो शुद्ध पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. २० टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा किलो पुरते. जुन्या कार्बोरेटरची भोके शुद्ध पेट्रोलसाठी आखलेली असल्याने हे नवे मिश्रण त्याच्यातून सात-आठ टक्के ‘पातळ’ पडते. मोटारीतला संगणक हा फरक आपोआप भरून काढतो, कार्बोरेटर काढत नाही.

शंका रास्त होती, पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. हेड खोलणे म्हणजे हजारो रुपये आणि आठवडाभराचे काम. म्हणून मी म्हटले, “मिस्त्री, खोलण्याआधी न खोलता जेवढं विचारता येईल तेवढं इंजिनालाच विचारू या.”

एकेकाची चौकशी

पहिला प्रश्न असा, की लाली कोठे आहे? रात्री पाहिले, तर चारही फाटे जवळजवळ सारखेच तांबडे होते. एका सिलिंडराची झडप जळाली असती, तर एकच फाटा वेगळा दिसला असता. चौघांवर सारखे संकट आले, त्याअर्थी कारण चौघांना सामाईक असले पाहिजे. एका निरीक्षणाने हेड खोलण्याचा बेत पुढे ढकलला गेला.

दुसरा प्रश्न मिश्रणाचा. प्लग काढून पाहिले. मिश्रणात पेट्रोल कमी असेल तर प्लगचे टोक पांढुरके पडते, जास्त असेल तर काजळते. आमचे प्लग बिस्किटासारखे तपकिरी होते, म्हणजे ठीक. आणखी खात्रीसाठी इंजिन गरम असताना, ठरावीक वेगावर ठेवून, चोक थोडा ओढला. चोक ओढला की हवा अडते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. पेट्रोल कमी पडत असते, तर इंजिन खुलले असते. ते उलट गुदमरले. तेव्हा पहिला संशयित सुटला. (वर्षभरापूर्वी कार्बोरेटरचा जेट मोठा केला होता, हे मिस्त्रींना मागाहून आठवले.)

तिसरा प्रश्न सायलेन्सरचा. नळीचा सांधा थोडा वेळ सैल करून इंजिन चालवून पाहिले. सायलेन्सर तुंबलेला असता, तर इंजिनात एकदम जोर आला असता. काही फरक पडला नाही. दुसराही सुटला.

चौथा प्रश्न गळतीचा. सकाळी इंजिन गार असताना सुरू केले, तेव्हा ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज आला आणि मागच्या फाट्याच्या पॅकिंगजवळ काजळीचे ओघळ दिसले. साबणाचे पाणी लावताच तेथे फुगे आले. गळती होती तर! मिस्त्री म्हणाले, “सापडलं, सर.”

क्षणभर मलाही तसेच वाटले. पण विचार करा. गळतीमुळे नळात आग लागत असती, तर लाली गळतीजवळ जास्त असायला हवी होती. चारही फाटे तर सारखे तांबडे होते. म्हणजे गळती हे कारण नसून परिणाम असणार. अतितप्त मॅनिफोल्डने पॅकिंग फाडले होते. नुसते पॅकिंग बदलले असते, तर चार महिन्यांनी पुन्हा फाटले असते.

ठिणगीला झालेला उशीर

राहिला चौथा संशयित. मिस्त्री म्हणाले, “टायमिंग तर मी परवाच बघितलं. बरोबर आहे.”

“कसं बघितलंत?”

“गाडी स्लोवर ठेवून.”

येथेच सगळे रहस्य होते. ज्वाला सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो. तो सोयीसाठी एक सेकंदाचा पाचशेवा भाग धरू. इंजिन मिनिटाला ६०० फेरे फिरत असेल, तर तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट सुमारे ७ अंश फिरते. फेरे ३००० झाले, तर तेवढ्याच वेळात ते ३६ अंश फिरते! म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पडली पाहिजे. (वेगाबरोबर सिलिंडरात घुसळण वाढते आणि ज्वालाही जलद पसरते, त्यामुळे नेमका पाचपट फरक लागत नाही, पण बराच लागतो.)

जुन्या इंजिनात ही ठिणगी पुढे सरकवण्याची युक्ती मोठी सुंदर असते. डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात, स्प्रिंगांनी बांधलेली दोन छोटी वजने असतात. इंजिन जोरात फिरू लागले की ती बाहेर फेकली जातात, जत्रेतल्या फिरत्या पाळण्यातल्या खुर्च्या जशा बाहेर झुकतात तशी. त्या हालचालीने ठिणगीची वेळ आपोआप अलीकडे येते. संगणकाशिवाय केलेले हे गणितच आहे!

मिस्त्रींकडे टायमिंग लाइट होता. हा दिवा पहिल्या प्लगच्या प्रत्येक ठिणगीबरोबर एकदा लखलखतो. त्याच्या उजेडात फिरत्या पुलीवरची खूण एका जागी थबकल्यासारखी दिसते. इंजिन मंद असताना खूण अगदी जागेवर होती. मिस्त्री खरे बोलत होते. मग आम्ही वेग हळूहळू वाढवला. खूण सरकायला हवी होती. ती जागची हलली नाही.

इंजिन बंद करून डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढले आणि आतला रोटर बोटांनी पिळून पाहिला. तो थोडा फिरून सोडताच स्प्रिंगने परत यायला हवा. आमचा रोटर गंजल्या कुलपासारखा घट्ट होता. वर्षानुवर्षांचे वंगण सुकून आणि धूळ बसून वजने जागीच चिकटली होती. मंद वेगात ठिणगी वेळेवर, आणि वेगात मात्र कितीतरी अंश उशिरा! दोष दिसतो त्या परिस्थितीत तपासणीच झाली नव्हती.

वजने रॉकेलमध्ये धुतली, हलक्या तेलाचे थेंब सोडले, स्प्रिंगा शाबूत आहेत याची खात्री केली. टायमिंग लाइटच्या उजेडात खूण आता वेगाबरोबर सरकू लागली. मग नवे पॅकिंग बसवले. त्याच रात्री, त्याच नगर रस्त्यावर, त्याच वेगाने पुन्हा गेलो. बॉनेट उघडून दिवे मालवले. मॅनिफोल्ड काळाच होता. काळा मॅनिफोल्ड पाहून एवढा आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता!

त्यानंतर वडिलांचे डोके प्रवासात दुखलेले नाही. डोकेदुखी त्या वायूनेच झाली होती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आम्ही त्या वेळी गाडीतली हवा तपासली नव्हती. परंतु जुन्या गाडीत बसल्यावर कोणाचे डोके वारंवार दुखत असेल, तर पहिली तपासणी मॅनिफोल्डची आणि सायलेन्सरच्या सांध्यांची करावी, हे मात्र छातीठोकपणे सांगतो.

ट्रॅक्टरचे काय?

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी डिझेलचा ट्रॅक्टर असेल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते आणि हलक्या कामात हवा गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असते. त्यामुळे मॅनिफोल्ड सहसा तांबडा होत नाही. झाला, तर तेथे प्रश्न उलटे विचारावे लागतात. हवेचा फिल्टर धुळीने तुंबला आहे का? पंप जास्त डिझेल सोडतो आहे का? डिझेल उशिरा फवारले जाते आहे का? काळा धूर दिसला, तर आधी फिल्टर पाहावा. आपल्या धुळीच्या भागात बहुधा गुन्हेगार तोच निघतो.

शेवटी दोन सूचना. तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी कधीही ओतू नका. एक भाग एकदम आकसतो आणि ओतीव लोखंड तडकते. चालत्या इंजिनाची तपासणी मोकळ्या हवेत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करा. गाडी बंद दाराच्या खोलीत चालू ठेवू नका.

विचार करून पाहा

१. मॅनिफोल्डचे तापमान ४०० वरून ७०० अंश सेल्सिअस झाले, तर त्यातून बाहेर पडणारे प्रारण किती पट होईल?

२. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असताना क्रँकशाफ्टला एक अंश फिरायला किती वेळ लागतो?

३. चार फाट्यांपैकी मधले दोनच तांबडे असते, तर तुम्ही कोणत्या संशयितापासून सुरुवात केली असती? कारण द्या.